आधी अंडं शिजू द्या

प्रश्न : मी शेहेचाळीस वर्षांची आहे. शाळेत असताना इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली होती, पुढे संसारात चित्रकला सुटली. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच ऑइल कलर्सचा सेट घेतला. फुलदाण्या काढून कंटाळा आला, म्हणून सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याचं ‘अंडी तळणारी म्हातारी’ हे चित्र निवडलं. ते पाहिलं आणि मला चुलीपुढे बसलेली माझी आजी दिसली. २४ बाय ३६ इंचांचा कॅनव्हास आणला, समोर मोबाइलवर चित्र लावून अडीच महिने खपले. पितळी खलबत्ता बरा जमलाय. पण म्हातारीचा चेहरा राखाडी, मळकट झालाय. अंडं साबणाच्या वडीसारखं दिसतं. मागचा काळा रंग कुठे चकचकतो, कुठे कोळशासारखा मेलाय. चित्रातली म्हातारी आणि तिच्याजवळचा मुलगा एकमेकांपासून लांब लांब वाटतात, आणि ते का, हेच कळत नाही. त्यात ओळखीतले एक कलाशिक्षक म्हणाले, ‘नक्कल कसली करता, स्वतःचं काहीतरी काढा.’ तेव्हापासून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. पुढे जाऊ की सोडून देऊ? आणि पूर्ण झालंच तर खाली सही करायची की नाही? भाचीला ते नव्या घरात लावायचंय.
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, तुमचे तिन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. तो खलबत्ता ‘बरा’ नाही, चांगला जमलाय. पितळेवरचा उजेड नेमक्या जागी पडलाय, कडेची सावली तुम्ही पुसटून टाकलेली नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या एवढ्याशा जागेत तुम्ही घाई केलेली नाही. ज्या बाईला पितळ दिसतं तिला चेहराही दिसेल. तेव्हा सोडून द्यायचा विषयच नको. मात्र हा कॅनव्हास आता आहे तसाच बाजूला ठेवा, त्याच्यावर आणखी रंग चढवू नका. नवा घ्यायचा. का, ते सांगते.

पण आधी त्या ‘नक्कल’ या शब्दाचा काटा काढू, कारण तो रुतलेला असताना तुमचा हात मोकळा चालणार नाही. १६२८ साली रूबेन्स हा फ्लेमिश चित्रकार स्पेनच्या राजधानीत, माद्रिदला गेला. वय एक्कावन्न, सगळ्या युरोपात नाव झालेलं, राजेरजवाडे त्याच्या चित्रांसाठी ताटकळायचे. हा माणूस तिथे राजाच्या संग्रहातल्या, तिशियन या आधीच्या पिढीतल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांसमोर बसला आणि एकामागून एक त्यांच्या प्रती करत राहिला. त्यातली ‘युरोपा राजकन्येचं अपहरण’ या चित्राची प्रत आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात मानाने टांगलेली आहे. आणि तेव्हा त्या दरबारात तरुण चित्रकार कोण होता? तुमचाच वेलास्केझ. त्याने हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं.

आपल्याकडचं बघायचं तर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. लेण्यांतल्या अंधारात ही मुलं भिंतीवरच्या आकृत्या कॅनव्हासवर उतरवायची. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच, पुढे नावाजलेले चित्रकार झाले. त्या प्रती लंडनला पाठवल्या, आणि १८८५ मध्ये तिथे लागलेल्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. मला त्याची अजून हळहळ वाटते. पण त्या मुलांच्या हाताला अजिंठ्याची रेषा लागली ती काही जळाली नाही. तुमच्या ओळखीतले शिक्षक वाईट हेतूने बोलले नसतील. नुसता फोटो गिरवत बसणाऱ्यांना तसं सांगावंच लागतं. प्रत करणं वेगळं. प्रत करताना आपण चित्रकाराच्या शेजारी उभं राहून, त्याने इथे हे का केलं आणि तिथे ते का टाळलं, असं एकेक विचारत जातो. तुमच्या अडीच महिन्यांत मला हे विचारणं फक्त खलबत्त्यापाशी दिसलं. बाकी सगळीकडे तुम्ही चित्र ‘पूर्ण’ करायच्या मागे लागला होतात.

आता तुमची म्हातारी आणि मुलगा लांब का गेले ते बघू. यात तुमच्या ड्रॉइंगचा दोष फार थोडा आहे. मूळ चित्र एडिंबराला नॅशनल गॅलरीत आहे, त्याचा आकार १००.५ सेंटिमीटर उंच आणि ११९.५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे उंचीपेक्षा रुंदी थोडीशीच जास्त, जवळजवळ चौरसाकडे झुकणारं. तुमचा कॅनव्हास २४ उंच आणि ३६ रुंद. २४ इंच उंचीला मूळ चित्राची रुंदी हिशेबाने साडेअठ्ठावीस इंच येते. तुमच्याकडे साडेसात इंच जागा जादा होती, आणि ती कुठेतरी घालवायची म्हणून तुम्ही नकळत दोघांच्या मध्ये घातली. वेलास्केझने ती माणसं मुद्दाम दाटीवाटीने बसवली आहेत. मुलाचा हात, मातीचं भांडं, म्हातारीचे हात हे सगळं एकमेकांना जवळजवळ टेकलेलं आहे, आणि तरीही दोघांची नजर एकमेकांना भिडत नाही. शरीरं जवळ, नजरा लांब. त्या चित्रातली शांतता तिथून येते. मध्ये वीतभर भिंत आली की ती गेलीच.

म्हणून नवा कॅनव्हास २० बाय २४ इंचांचा घ्या. हा आकार कुठल्याही दुकानात तयार मिळतो आणि मूळ चित्राच्या प्रमाणाशी जेमतेम पाव इंचाने चुकतो. तो पाव इंच कडेच्या अंधारात जिरवून टाका. त्याच्यावर चार-चार इंचांचे चौकोन पाडा, आडवे सहा आणि उभे पाच, असे तीस होतात. चित्राची प्रिंटही अशीच आडवी सहा, उभी पाच भागांत विभागा. आणि प्रिंट म्हणजे खरोखरची कागदावरची प्रिंट, ए-थ्री आकाराची, न चकाकणाऱ्या कागदावर. मोबाइल बाजूला ठेवा. त्याचा पडदा आतून उजळतो, त्यामुळे सावल्यांत नसलेला उजेड दिसतो, आणि संध्याकाळ झाली की तो आपणहून पिवळा पडतो. तुमच्या चित्रात टेबलावरचं कापड डावीकडे निळसर आणि उजवीकडे पिवळट झालंय, त्याचं मूळ मला त्या मोबाइलमध्ये असावं असं वाटतं. त्याच प्रिंटची एक काळी-पांढरी झेरॉक्सही काढून आणा. ती पुढे फार उपयोगी पडेल.

आता चेहऱ्याकडे येते. इंटरमिजिएटला ‘ए’ मिळवणाऱ्या माझ्या बहुतेक विद्यार्थिनींचा हाच एक त्रास असतो आणि त्याचं कारण पोस्टर कलर. तिथे आपल्याला सवय लागते की रंग फिका करायचा तर पांढरा घाला आणि गडद करायचा तर काळा. पोस्टर कलरमध्ये ते खपून जातं. तेलरंगात सावलीत पांढरा गेला की सावली राखेसारखी होते. काळा आणि पांढरा मिळून निळसर राखाडी तयार होतो, तो कातडीवर आला की माणूस आजारी दिसतो. शिवाय पोस्टर कलर पाच मिनिटांत वाळतो, त्यामुळे वरचा रंग खालच्या ओल्या रंगात मिसळत नाही. तेलरंग दिवसेंदिवस ओला राहतो. तुम्ही ओल्यावर ओला चढवत, ब्रशने घोटत गेलात, तिथे सगळे रंग एक झाले.

आणखी एक गोष्ट. वेलास्केझकडे पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा होता. तो जरा उबदार, जरा पारदर्शक असतो. आपल्या ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या हाती येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली, आणि तो फार जोरकस आहे. चिमूटभर घातला तरी सगळ्या रंगाचा ताबा घेतो. शिशाचा पांढरा विषारी, तो घरात आणायचाच नाही. पण टायटॅनियम वापरताना तुम्हाला वाटतो त्याच्या निम्माच घ्या आणि त्याच्या जोडीला यलो ऑकरचा कण ठेवा.

या चित्रासाठी रंगांचा मोठा सेट लागत नाही, उलट तो घात करतो. पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि एक तापलेला लाल, व्हर्मिलियनच्या जातीचा. एवढेच पॅलेटवर काढा. निळा झाकून ठेवा. काळ्यात ऑकर घातला की हिरवट रंग येतो, काळ्यात थोडा पांढरा घालून तो सिएनाच्या शेजारी ठेवला की निळसर भासतो. या सहा रंगांत केवढं काय बसतं ते एकदा हाताने करून बघितलंत की पुन्हा त्या चोवीस ट्यूबांकडे वळावंसं वाटणार नाही.

सुरुवात पांढऱ्या कॅनव्हासवर करू नका. वेलास्केझचे गुरू फ्रान्सिस्को पाचेको यांनी चित्रकलेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी कॅनव्हासच्या अस्तरासाठी सेव्हिलची माती जवसाच्या तेलात घोटून लावावी असं सांगितलंय. म्हणजे त्या शहरातले चित्रकार तपकिरी जमिनीवरच चित्र उभं करायचे. आपण रॉ अंबरमध्ये थोडा सिएना मिसळायचा, टर्पेंटाइनने पातळ करायचा, फडक्याने सगळ्या कॅनव्हासवर चोळायचा आणि वाळू द्यायचा. अंबर लवकर वाळतो, दोन-तीन दिवस पुरतात. शेणाने सारवलेल्या भिंतीसारखा मधला रंग झाला की उजेड वरती चढवता येतो आणि सावली खाली उतरवता येते. पांढऱ्यावर सुरू केलं की पहिला महिना नुसता पांढरा झाकण्यातच जातो.

मग त्याच्यावर चौकोन, मग पातळ अंबरने आकृत्या. आणि इथे एक आठवडा फक्त तपकिरी रंगात सगळं चित्र उभं करा, दुसरा कुठलाही रंग नाही. झेरॉक्स शेजारी लावा. डोळे बारीक करून दोन्हींकडे बघा. झेरॉक्समध्ये जिथे काळोख एकमेकांत मिसळलाय, तिथे तुमच्याकडेही मिसळला पाहिजे. मुलाचा गडद पोशाख मागच्या भिंतीत कसा बुडालाय पाहा. तुम्ही त्याच्या खांद्याला कडेने रेघ काढलीय, मूळ चित्रात तिथे तशी रेघ जाणवत नाही. उजेड डावीकडून येतो आणि मोजक्या जागी उतरतो: म्हातारीच्या डोक्यावरचं पांढरं कापड, तिचा चेहरा आणि हात, मुलाचा चेहरा आणि कॉलर, भांड्यातलं अंडं, टेबलावरची पांढरी थाळी. बाकीचं अंधाराला देऊन टाकलंय. मी हे चित्र पहिल्यांदा उतरवलं तेव्हा माझ्या गुरुजींनी आठ दिवस मला ब्रश हातात घेऊ दिला नाही. रोज संध्याकाळी यायचं, प्रिंटसमोर बसायचं आणि ‘आज कुठे काहीच नाही ते सांग’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तिसऱ्या दिवशी मला रडू आलं होतं. आठव्या दिवशी टोपलीच्या खालची भिंत दिसली, जिथे त्याने जवळजवळ काहीच केलेलं नाही.

आता अंडं.

तुम्ही साबणाची वडी म्हणालात, आणि ते खरंच आहे, कारण तुम्ही अंड्याचा पांढरा रंग काढलात. वेलास्केझने अंडं शिजताना काढलंय. ते चित्र फार जवळून बघा. भांड्यात तेल आहे, त्यात बलक आहे, आणि त्याच्याभोवतीचा पांढरा भाग पाण्यासारखा पारदर्शक होता तो आता दाट व्हायला लागलाय. काही ठिकाणी अजून भांड्याची तांबूस माती खालून दिसते, काही ठिकाणी पांढऱ्याने अंग धरलंय. १६१८ साली एकोणीस वर्षांच्या मुलाने, चित्रकाराची परीक्षा पास होऊन दोन वर्षंही झाली नाहीत तोच, एक क्षण असा धरून ठेवला की चारशे वर्षं ते अंडं शिजायचं थांबलेलं नाही. मला हे सांगताना आजही गहिवरून येतं.

तुम्ही असं करा. गॅसवर छोट्या कढईत थोडं तेल घ्या, अंडं फोडा, आणि ते अर्धं पांढरं झालं की गॅस बंद. मग दोन मिनिटं नुसतं बघा. कडेला सुरकुती कुठे पडली, पांढरा कुठे जाड आणि कुठे नुसता धुक्यासारखा, बलकावर पातळ पापुद्रा कसा आला. घरात अंडं आणत नसाल तर साबुदाण्याची खीर करताना बघा. तिथे उलटा प्रकार असतो, पांढरा दाणा हळूहळू काचेसारखा होत जातो आणि मध्ये एक टिंब शेवटपर्यंत पांढरं राहतं. डोळ्याला शिकायचं ते दोन्हीकडे एकच आहे.

मग १० बाय १२ इंचांच्या कॅनव्हास बोर्डवर फक्त ते भांडं आणि अंडं काढा. मोठं चित्र तोवर थांबेल. आधी रिकामं भांडं रंगवा, आतली तांबूस माती, डावीकडून येणारा उजेड, काठाची जाडी, सगळं. अंडं नाहीच असं समजा. हे आठवडाभर वाळू द्या. मग पांढऱ्यात थोडं जवसाचं तेल घालून इतका पातळ करा की त्यातून खालचं भांडं दिसेल, आणि ब्रशने लावून बोटाने चोळा. बोटानेच. कडा विरल्या पाहिजेत. मग जिथे अंडं घट्ट झालंय तिथे, आणि फक्त तिथेच, जाड पांढरा, एका फटक्यात ठेवा आणि हात काढून घ्या. त्याच्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. बलक ऑकरमध्ये लालाचा कण घालून, कड बोथट ठेवून. तेलावरचं चमकतं टिंब सगळ्यात शेवटी. ते टिंब ठेवायचा मोह पहिल्या दिवसापासून होतो, तुमच्या चित्रात मी सात टिंबं मोजली. एक-दोन पुरतात.

वेलास्केझने अगदी याच क्रमाने केलं असेल असा माझा दावा नाही. हा शिकण्याचा क्रम आहे, आणि त्यात एक मोठी गोष्ट हाताला कळते: पारदर्शक आणि अपारदर्शक रंग एकाच जागी शेजारी ठेवले की वस्तू जिवंत होते. तीच गोष्ट म्हातारीच्या कपाळावर आहे. सावली पातळ ठेवायची, खालची तपकिरी जमीन त्यातून श्वास घेत राहिली पाहिजे, आणि तिच्यात पांढरा अजिबात नाही. उजेड जाड ठेवायचा. या दोहोंच्या मधला रंग, म्हणजे गालावरून सावलीकडे वळताना येणारा, तो वेगळा घोटून पॅलेटवर तयार ठेवा, कॅनव्हासवर घोटून तयार करू नका. तीन ढीग लावा, उजेडाचा, मधला, सावलीचा, आणि तीन स्वच्छ ब्रश. ठिपक्यांसारखे शेजारी शेजारी ठेवत जा. शेवटी कोरड्या मऊ ब्रशने फक्त दोन रंग भेटतात तिथली कड हलकेच मोडा. चेहरा पहिल्यांदा ओबडधोबड, मातीच्या मुखवट्यासारखा दिसेल. घाबरू नका. दहा पावलं मागे जा आणि तिथून बघा.

म्हातारीच्या पुढ्यात टेबलावर पांढरी थाळी आहे आणि तिच्यावर आडवी सुरी. त्या सुरीची सावली थाळीच्या खोलगट भागात कशी वाकलीय ते बघा. तुम्ही ती सरळ काढलीत. सुरी सरळ, पण सावली पडते ती खळग्यात, म्हणून ती वाकते. एवढी सावली बरोबर उतरली की थाळीला खोली आपोआप येते, दुसरं काही करावं लागत नाही. आणि कांद्याशेजारच्या त्या वाळलेल्या लाल मिरच्या? त्या रंगवताना जरा थांबा. मिरची अमेरिकेतून स्पेनमध्ये येऊन तेव्हा शे-सव्वाशे वर्षं झाली होती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तीच मिरची गोव्याला उतरली आणि तुमच्या आजीच्या डब्यात आली. तुम्हाला त्या स्वयंपाकघरात आजी दिसली ती उगीच नाही.

‘स्वतःचं काढा’ याचंही उत्तर त्याच चित्रात आहे. पाचेको लिहितात की वेलास्केझने एका खेडवळ पोराला पैसे देऊन ठेवलं होतं, आणि तो त्याला कधी हसायला, कधी रडायला लावून, नाना तऱ्हांनी बसवून त्याचे चेहरे काढायचा. त्याच्याकडे राजवाडा नव्हता. पोरगा, घरातली भांडी, एका बाजूची खिडकी. तुमचं भांडं आणि अंडं जमलं की पुढच्याच आठवड्यात ओट्यावर तवा, कांदा आणि तो खलबत्ता मांडा, बाकीच्या खिडक्यांना चादर लावा, आणि हेच सहा रंग घेऊन बसा. म्हातारीचं चित्र पूर्ण व्हायची वाट बघू नका. एक दिवस त्याचं, एक दिवस तुमचं, असं चालू द्या. प्रतीत जे कळलं ते दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तव्यावर लावून बघितलं नाही तर ते हातात मुरत नाही.

तुमच्या काळ्या भिंतीबद्दल. जिथे तुम्ही टर्पेंटाइन जास्त घातलंत तिथलं तेल खालच्या थराने शोषून घेतलं आणि रंग मेला, जिथे तेल जास्त होतं तिथे तो चकाकतो. शिवाय आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, त्याचा जाड थर खाली देऊन वर भराभर काम केलं की पुढे तडे जातात. नव्या चित्रात मागची भिंत काळ्याने रंगवूच नका. अंबर, त्यात थोडा सिएना, आणि शेवटी काळ्याची नुसती झाक. पहिले थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर थोड्या तेलाने, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. वाळल्यावरही कुठे रंग मेलेला दिसला तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन तिथे चोळा आणि जादा तेल लगेच पुसून काढा, रंग पुन्हा उघडतो. तेल रंगांच्या दुकानातलं, लिन्सीड म्हणून मिळतं ते. खाण्याचं अळशीचं तेल वापरू नका.

आणि हे नीट वाचा: जवसाचं तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. टर्पेंटाइन उघडाल तेव्हा खिडकी उघडी हवी आणि गॅस बंद हवा. स्वयंपाकघरात रंगवता असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोटोत मागे शेगडी दिसतेय.

चित्र पावसाळ्यात होत असेल तर प्रत्येक थराला दुप्पट दिवस द्या, आणि कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. वाळायला ठेवायचं ते उजेडाच्या खोलीत. अंधारात ठेवलं की तेल पिवळं पडतं, म्हणून आत्ताचा कॅनव्हासही आधी भिंतीकडून वळवा.

एक दिवस काढून औंधला जाऊन या, सांगलीहून दूर नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं आहेत. समोरून बघून झालं की बाजूला सरकून तिरकं बघा, उजेड पृष्ठभागावरून घसरेल अशा कोनातून. कुठे रंग चढलाय, कुठे कॅनव्हासची वीण दिसते, हे कुठल्याही प्रिंटमध्ये कळत नाही. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत, तिथेही असंच करा.

राहिली सही. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात चित्रांसमोर बसून प्रती करायला परवानगी मिळते, पण प्रत मूळ चित्रापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही, असा नियम आहे. तुमची २० बाय २४ ची प्रत मूळ चित्राच्या निम्म्या मापाची होते, त्यामुळे तिकडून प्रश्न नाही. मूळ चित्रावर १६१८ हा आकडा घातलेला आहे, तेवढा सोडून द्या. समोर तुमचीही सही नको. कॅनव्हासच्या मागे, लाकडी चौकटीवर पेन्सिलने लिहा: ‘डिएगो वेलास्केझ यांच्या अंडी तळणारी म्हातारी या चित्रावरून’, खाली तुमचं नाव, गावाचं नाव आणि साल. भाचीला सांगा की लगेच काचेत बंद करायचं नाही, आणि वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने.

भांड्याचं छोटं चित्र झालं की मला फोटो पाठवा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. खलबत्त्याचा एक जवळून काढलेला फोटोही सोबत असू द्या, वर्गातल्या मुलींना दाखवायचाय.